बोरघाट 1:87 मध्ये: चढ, बँकर आणि कॅच सायडिंग

बोरघाटाचं मॉडेल करायला घेतलं की पहिला हिशेब आपल्या बाजूचा निघतो. कर्जत-लोणावळा घाटाचा सगळ्यात खडा चढ 1:37, म्हणजे 2.7 टक्के. एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणातल्या मॉडेलची इंजिनं फारशी न घसरता चढतात तो चढही साधारण अडीच-तीन टक्क्यांपर्यंतचाच. म्हणजे खरा चढ जसाच्या तसा लेआउटवर घेता येतो. दुसऱ्या हिशेबाला मात्र हात टेकावे लागतात. 1863 मध्ये घाट खुला झाला तेव्हा त्याची लांबी सोळा मैलांना थोडी कमी होती आणि चढाई 1831 फूट. हे 1:87 मध्ये आणलं तर 290 मीटर रूळ आणि 6.4 मीटर उंची लागते. तेव्हा चढ ठेवायचा आणि बाकी सगळं कापायचं, हे आधीच ठरून जातं.

कापताना काय वाचवायचं हा खरा प्रश्न. आमचं उत्तर होतं: बँकर. बोगदे, पूल, धबधबे कुठल्याही डोंगरी लेआउटवर असतात. कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं लागतात, ती गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात आणि तिथे सुटून रिकामी खाली येतात, हे बोरघाटाचं. शिवाय बँकर नुसता शोभेला लावला तर दोन-चार फेऱ्यांनंतर कोणी तो लावत नाही. पुढचं इंजिन एकट्याने गाडी चढवू शकत नसेल तरच खेळ टिकतो. सगळा आराखडा या एका अटीभोवती केला आहे.

जागा साडेपाच मीटर बाय तीन मीटर. रूळ भिंतींच्या कडेने फिरतात, बाहेरच्या लाइनचा मध्य भिंतीपासून 15 सेंमी. खऱ्या घाटात तीन लाइन आहेत: अप, डाउन आणि मिडल. मिडल सोडली. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी डाउन, म्हणजे इथे डाउन गाडी चढते आणि अप गाडी उतरते. नव्या माणसाच्या हातात कंट्रोलर देताना हे दोनदा सांगावं लागतं. आपल्याकडे गाड्या डावीकडून धावतात. चढाई घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ठेवली की डाउन लाइन आपोआप बाहेरच्या बाजूला येते आणि चढणाऱ्या गाडीला मोठी त्रिज्या मिळते. उलट दिशा घेतली असती तर ओढणारी गाडी आतल्या वळणात अडकली असती.

बाहेरची त्रिज्या 810 मिमी, आतली 750. हे आकडे डब्यावरून आले. आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नमुन्याचा) डबा बफर धरून 22.3 मीटरचा; त्याची नुसती पेटी 1:87 मध्ये 245 मिमी भरते आणि दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर 170 मिमी. 750 च्या वळणावर डब्याचं पोट आत जवळजवळ 5 मिमी सरकतं आणि टोकं बाहेर तेवढीच निघतात. डब्याची रुंदी 37 मिमी. दोन लाइनमध्ये सरळ भागात 54 मिमी अंतर दिसायला बरोबर वाटतं, पण वळणावर शेजारून गाडी गेली की फट सहा-सात मिमीच उरते. म्हणून वळणांवर 60. वळणात शिरताना 300 मिमीचा ट्रान्झिशन (हळूहळू वळत जाणारा रूळ) दिला. तो न देता सरळ रूळ थेट 810 च्या कमानीला जोडला तर ढकलल्या जाणाऱ्या डब्यांची टोकं त्या जोडावर एकदम बाजूला फेकली जातात आणि मागून जोर असल्यामुळे चाक रुळावर चढतं.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, एकदाच बोलून टाकू. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिमी, 1:87 मध्ये 19.3. बाजारात मिळणारा एचओ रूळ 16.5 चा. समोरून पाहिलं तर इंजिन चिंचोळ्या पायांवर उभं दिसतं, यात वाद नाही. 19.3 चा रूळ हाताने घालता येतो, पण मग प्रत्येक डब्याचा, प्रत्येक इंजिनाचा धुरा बदलावा लागतो आणि सांधेही (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) घरीच करावे लागतात. आम्ही 16.5 वरच राहिलो आणि उपाय उंचीत केला: रूळ जमिनीपासून 1.05 मीटरवर सुरू होतो आणि 1.30 च्या पुढे जातो. गाडी बाजूने दिसते, वरून किंवा समोरून फारशी नाही. रुळासाठी कोड 83 घेतला; कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली रुळाची उंची. 52 किलोचा खरा रूळ 156 मिमी उंच असतो, 60 किलोचा 172. 1:87 मध्ये हे अनुक्रमे 1.8 आणि 2 मिमी होतात आणि कोड 83 म्हणजे 2.1 मिमी. जुना कोड 100 उगाच जाड दिसतो. काँक्रीट स्लीपरचा फ्लेक्स ट्रॅक (हाताने वाकवता येणारा रूळ) घ्यावा. लाकडी स्लीपर रंगवून काँक्रीट करता येतात, पण त्यांच्यावरच्या नसांचे ओरखडे लपत नाहीत.

आता चढ. सरळ भागांत 1:37, वळणांत 1:50. यामागे कारण आहे. वळणावर चाकांचं घर्षण वाढतं आणि एचओमध्ये त्याचा ढोबळ हिशेब असा: 813 ला मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागा, जेवढं येईल तेवढे टक्के चढ जास्त आहे असं समजा. 810 ला हे बरोबर एक टक्का येतं. म्हणजे वळणात 1:37 ठेवलं तर गाडीला ते 3.7 टक्के वाटतं आणि गाडी दर कोपऱ्यात दम तोडते. खरी रेल्वेही हेच करते. ब्रॉडगेजवर वळणाच्या दर अंशामागे चढ 0.04 टक्क्याने कमी केला जातो. आमच्या चार कोपऱ्यांत मिळून 5.09 मीटर रूळ, तो 10 सेंमी चढतो. सरळ चढाव 5.74 मीटरचा, तो साडेपंधरा सेंमी. एकूण 257 मिमी. आतली लाइन त्याच प्लायवर असल्यामुळे तेवढीच चढते, पण चार कोपऱ्यांत मिळून 38 सेंमी कमी अंतरात. म्हणून तिथला चढ 1:46 होतो. ती लाइन उतरायची आहे, तेव्हा चालतं. डाउन आतल्या बाजूला ठेवायचा मोह असेल तर हा आकडा आधी पाहावा.

257 मिमीचा आणखी एक उपयोग. एका लांब भिंतीवर खाली कर्जतचं यार्ड, बरोबर त्याच्या वर लोणावळ्याचं. गाडी कर्जतहून निघून खोलीला एक फेरा घालते आणि स्वतःच्याच डोक्यावर येऊन थांबते. वरच्या मजल्याला लाकडी चौकट न देता 12 मिमी प्लायला कडेने 25 मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल मारला. खाली वीस सेंमीच्या वर मोकळी जागा राहते, हात कोपरापर्यंत आत जातो आणि पडलेला डबा उचलता येतो. पंधरा सेंमीत हे काम करायचं म्हणजे शिक्षा आहे.

चढ मोजायला मोबाइलमधलं लेव्हल वापरू नये. त्यात अर्ध्या अंशाची चूक सहज असते आणि 2.7 टक्के म्हणजे मुळात दीडच अंश. त्याऐवजी 370 मिमी लांबीची अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या, एका टोकाखाली 10 मिमी जाडीचा ठोकळा चिकटवा, वर स्पिरिट लेव्हल ठेवा. ठोकळा उताराकडे. बुडबुडा मध्ये आला की चढ बरोबर 1:37. वळणांसाठी अशीच दुसरी, पण 500 मिमीची. प्लायच्या पट्ट्यांखाली दर 35 सेंमीला आधार. आधार आधी फक्त क्लॅम्पने धरायचे, पूर्ण कोपरा पट्टीने तपासायचा आणि मगच स्क्रू. दोन आधारांमध्ये प्लाय दोन मिलिमीटर झोळला तरी तिथे चढ एकदम बदलतो आणि डब्यांच्या जोडण्या वर-खाली होऊन सुटतात. सपाटीवरून चढावर जाताना 600 मिमीचा उभा वळसा द्यावा, त्यातला अर्धा सपाट यार्डाच्या बाजूला. प्लायच्या पट्ट्या कापून लगेच दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कडांना सीलर मारायचा. पावसाळ्यात कडेतून ओल शिरली की जोड फुगतो आणि नेमका रुळाखाली उंचवटा येतो.

रुळाखाली 5 मिमी कॉर्क. रूळ सोल्डर करायचे ते वळणांत; सरळ भागात जोडात अर्धा मिलिमीटर फट ठेवायची. निकेल सिल्व्हरचा दहा मीटर रूळ तापमान वीस अंशांनी वाढलं तर सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. सगळीकडे सोल्डर केला तर उन्हाळ्यात तो कुठेतरी बाजूला उचलला जातोच. वायरिंगमध्ये नवीन काही नाही: 2.5 चौरस मिमीची बस (मुख्य वायर), दर मीटरला दोन्ही रुळांना 0.5 ची वायर, 3 अँपिअरचा डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल आदेश देणाऱ्या पद्धतीचा) बूस्टर. दारासमोर आडव्या (तीन मीटरच्या) भिंतीवर उचलता येणारा पूल आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना 30 सेंमी रूळ असा जोडला आहे की पूल काढला की त्यांचीही वीज जाते. डाउन गाडी एरवी सरळ खाली जमिनीवर उतरेल.

आता मूळ मुद्दा. इंजिन एकटं किती ओढतं हे कागदावर आधी काढावं आणि मग मोजावं. रबर टायर नसलेलं, सगळी चाकं चालणारं एचओ इंजिन स्वतःच्या वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के ओढतं. मोजायला इंजिनाला दोरा बांधायचा, दोरा कप्पीवरून सोडायचा, टोकाला छोटी वाटी लावून त्यात नट टाकत जायचं. चाकं जागेवर फिरायला लागली की वाटी वजनकाट्यावर. आमच्या पुढच्या इंजिनाचं वजन मुद्दाम 300 ग्रॅमवर आणलं. चॅसिसमधले दोन पितळी ठोकळे काढले आणि रबर टायरची चाकं साध्या चाकांनी बदलली. 22 टक्के धरून 66 ग्रॅम ओढ. चढावर स्वतःचं वजन उचलण्यात 8 ग्रॅम जातात, उरतात 58.

गाडी आठ डब्यांची, प्रत्येक डबा 165 ग्रॅम. हे वजन एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या सूत्रातून: एक औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चांगल्या धुऱ्यांचा डबा सपाटीवर वजनाच्या सुमारे दोन टक्के अडतो. वळणात 2 टक्के चढ, 1 टक्का वळण आणि हे 2, मिळून 5 टक्के: डब्यामागे सव्वाआठ ग्रॅम, आठ डब्यांचे 66. इंजिनाकडे तिथे 60 आहेत. सपाटीवर त्याच गाडीला 26 ग्रॅम लागतात. म्हणजे गाडी कर्जतमधून झोकात निघते, पहिल्या कोपऱ्यातून पूर्ण चढावर येते आणि चाकं जागेवर फिरायला लागतात. हेच हवं होतं. डबे हलके करून किंवा टायर लावून हा ‘दोष’ दुरुस्त करू नये. एखाद्या दिवशी इंजिन एकटंच गाडी वर घेऊन गेलं तर रूळ नुकताच पुसला आहे एवढाच त्याचा अर्थ. म्हणून हिशेबापेक्षा डबे दहा-पंधरा ग्रॅमनी जड ठेवलेले बरे.

बँकर दोन: डब्ल्यूएजी-7 या मालगाडीच्या विजेच्या इंजिनाचे थ्रीडी प्रिंट केलेले सांगाडे सहा धुऱ्यांच्या चॅसिसवर. त्यातला एकच चालतो. तो 400 ग्रॅमचा, त्याच्याकडे 88 ग्रॅम ओढ. दुसरा मोटर नसलेला, 200 ग्रॅमचा. चालणारा गाडीला लागून, मोटर नसलेला त्याच्या मागे. क्रम उलटा केला तर हलकं इंजिन दोन्हीकडून चेपलं जातं आणि वळणावर पहिलं तेच पडतं. दोन्ही चालते करण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही; तीन मोटरींचा वेग जुळवण्याची डोकेदुखी फक्त वाढते.

वेग जुळवणं हे इथलं सगळ्यात नाजूक काम. ओढताना जोडण्या ताणलेल्या असतात, ढकलताना दाबलेल्या. गाडीत कुठेतरी एका डब्यापाशी ताण संपून दाब सुरू होतो आणि चढानुसार ती जागा पुढे-मागे सरकते. बँकर वेगवान असेल तर ती जागा पार पुढच्या इंजिनापर्यंत जाते, सगळी गाडी दाबली जाते आणि वळणावर मधले डबे बाहेरच्या बाजूला उसळतात. बँकर फार संथ असेल तर पुढचं इंजिन त्यालाही ओढतं आणि डबे आतल्या बाजूला कलंडतात. सपाटीवर दोन्ही इंजिनं 15 सेंमी अंतराने सोडावीत आणि बँकर दर मीटरला दोन-तीन सेंमी मागे पडेल असा ठेवावा. चढावर भार आला की पुढचं इंजिन मंदावतं आणि बँकरला आपोआप काम मिळतं. हे इंजिनातल्या डिकोडरच्या (डीसीसीचे आदेश वाचणाऱ्या चिपच्या) सीव्ही 2, 5 आणि 6 ने, म्हणजे या क्रमांकांच्या सेटिंगने होतं. डिकोडरमध्ये 28 पायऱ्यांची वेगतालिका असेल तर सीव्ही 67 ते 94. सगळ्या पायऱ्या जुळवत बसू नये. घाटात गाडी ताशी 40 किमी धरली तर मॉडेलला सेकंदाला 128 मिमी वेग लागतो, म्हणजे पूर्ण चढाईला दीड मिनिटाच्या आत-बाहेर. तालिकेचा खालचा अर्धा भाग नीट जुळला की पुरे.

दोन गोष्टी जुळवण्याआधीच करायच्या. सीव्ही 3 आणि 4, म्हणजे वेग घेण्याचा आणि सोडण्याचा उशीर, दोन्ही इंजिनांत शून्य. एकाला उशीर आणि दुसऱ्याला नाही असं झालं तर सुटतानाच झटका बसतो. आणि बॅक-ईएमएफ बंद किंवा अगदी कमी. बॅक-ईएमएफ चालू असलेलं इंजिन भार आला तरी वेग सोडत नाही, त्यामुळे ‘मंदावलं की बँकर काम घेतो’ ही सगळी रचनाच कोलमडते आणि दोन मोटरी एकमेकींशी भांडत बसतात. मग दोघांना सीव्ही 19 मध्ये एकच कन्सिस्ट (जोडीने चालण्याचा) पत्ता. बँकर लोणावळ्याला सुटला की त्याच्या सीव्ही 19 मध्ये शून्य टाकायचं राहून जातं आणि पुढची गाडी निघताना वर उभा असलेला बँकरही हलतो. अशा वेळी सगळे आधी वायरिंग तपासतात.

जोडण्यांमध्ये आम्ही नकल कपलर (वळलेल्या बोटांसारखे एकमेकांत अडकणारे) घेतले. आकडा-कडीची साधी जोडणी ओढायला ठीक, पण ढकलताना तिच्यात चार-पाच मिमी ढिलाई असते आणि बफर एकमेकांवर चढून अडकतात. डबे जवळ आणणाऱ्या सरकत्या जोडण्याही ढकलताना वळणावर भरवशाच्या नाहीत. नकल सगळीकडे एकाच उंचीला हवा, रुळापासून 9.9 मिमी, आणि ते उंचीच्या गेजने तपासून. अर्ध्या मिलिमीटरचा फरक सपाटीवर कळत नाही, चढ सुरू होतो तिथे कळतो. बँकरला लागणारे शेवटचे दोन डबे 190 ग्रॅमचे केले. पार्सल व्हॅन हलकी असेल तर ती कधीही शेवटी नको. सुटं करण्यासाठीचा लोहचुंबक रुळाखाली लावायचा तो फक्त यार्डाच्या सपाटीवर. चढावर लावला तर गाडी जरा थबकली की जोडणी नको तिथे सुटते.

सुटलेला डबा काय करतो? 1:37 च्या सरळ भागात तो वेग घेतो, कारण दोन टक्के घर्षण 2.7 ला पुरत नाही. आतल्या वळणात पुन्हा रेंगाळतो. पण लांब भिंतीवरचा उतार साडेतीन मीटरचा आहे, तेवढ्यात पुरेसा वेग येतो. इथे खऱ्या घाटाची पद्धत जशीच्या तशी उपयोगी पडते. घाटातल्या मंकी हिलला उतरणारी गाडी ब्रेकची खात्री करण्यासाठी थांबते आणि सांधा एरवी कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. गाडी ताब्यात नसेल तर ती चढत्या बाजूच्या रुळावर जाऊन थांबते. आमची कॅच सायडिंग 90 सेंमी, शेवटच्या 60 सेंमीत 1:15 चा चढ आणि टोकाला रुळांमध्ये रवाळ वाळू भरलेली, चाकांच्या पाकळ्या बुडतील इतकी. सिग्नलच्या आधी रुळाखाली इन्फ्रारेड सेन्सर, त्यापुढे 25 सेंमीवर दुसरा. पहिला झाकला गेला, दुसरा उघडाच राहिला आणि अशी 20 सेकंदं गेली तरच सर्व्हो (छोटी मोटर) सांधा मेन लाइनला फिरवतो आणि सिग्नल उतरतो. दुसरा त्याआधी झाकला गेला तर गणती रद्द, सांधा हलत नाही. वीस ओळींचा प्रोग्राम आणि एक छोटं मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरतं. सेन्सरवर थेट दिवा पडू देऊ नका. खोलीतला ट्यूबलाइट लागला-गेला की गणती बिघडते. सर्व्हो सांधा फिरवतो तेव्हा त्याच्या दांड्याला 0.8 मिमीची स्प्रिंग वायर लावावी, जाड लावली तर सांध्याची पाती उखडतात.

ओएचई, म्हणजे रुळावरची विजेची तार, घालायची की नाही यावर मतं असू शकतात. आमचं मत: तारेशिवाय हा घाट घाट वाटत नाही. कल्याण-पुणे मार्गावर 1930 पासून वीज आहे. तारेतून वीज घेतलेली नाही, पण पँटो (इंजिनाच्या छपरावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) खरोखर तारेला टेकतो. खऱ्या 25 केव्ही ओएचईत दोन खांबांत 72 मीटरपर्यंत अंतर असतं. 1:87 मध्ये 828 मिमी झाले. आमच्या वळणावर तेवढं अंतर ठेवलं तर तार रुळाच्या मध्यापासून दहा सेंमी बाजूला जाते, म्हणजे शेजारच्या लाइनच्याही पलीकडे. हिशेब सोपा: खांबांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट. 810 ला 250 मिमी अंतर ठेवलं तर 9.6 मिमी येतात. खांबापाशी तार निम्मी बाहेर आणि मध्यावर निम्मी आत ठेवली की दोन्हीकडे 4.8. पँटोची रुंदी 21 मिमी, त्यात हे बसतं. त्याच रेषेतला आतल्या लाइनचा खांब 231 मिमीवर पडतो, तिथे फरक 4.5 च्या आत राहतो. खऱ्या मार्गावर वळणात तार 300 मिमीपर्यंत बाजूला जाते, म्हणजे साडेतीन मिमी. आमचं थोडं जास्त आहे, पण पाहणाऱ्याला खटकत नाही. तारेची उंची रुळापासून 64 मिमी. संपर्क तार 0.5 मिमी फॉस्फर ब्राँझ. तयार पँटोची स्प्रिंग फार जोरकस असते, तार वर उचलते आणि हलकं इंजिन रुळावरून ढळतं. स्प्रिंगचे दोन वेढे सोडून दाब दहा ग्रॅमच्या आसपास आणावा. बोगद्यात तार न घालता पितळी पट्टी, तोंडाशी थोडी वर वळवलेली. नाहीतर पँटो बाहेर येताना तोंडाच्या दगडी कमानीत अडकतो आणि पाय मोडून घेतो.

डोंगराच्या बाबतीत एकच सांगणं. बाजारातले खडकाचे साचे बहुतेक आल्प्सच्या पद्धतीचे, उभ्या चिरांचे. सह्याद्री बेसॉल्टच्या आडव्या थरांचा आहे आणि उभा खडक लावला की गाडी स्वित्झर्लंडमध्ये शिरते. साचे आडवे फिरवावेत किंवा 20-25 मिमी जाड थर्माकोलचे थर एकावर एक ठेवून कडा बोथट सुरीने तोडाव्यात, कापू नयेत. वर पातळ प्लास्टर. दोन थरांच्या मध्ये कुठे-कुठे विटकरी रंगाची अरुंद पट्टी द्यावी, तसा लाल थर घाटात कटिंगमध्ये दिसतो. रंग काळा नको. करडा-तपकिरी, मग पातळ काळ्याचा ओघळ, मग कोरड्या ब्रशने फिकट कडा. दरडींसाठी रुळाकडेच्या कड्यावर जाळी लागते. ओढणीचं बारीक नेटचं कापड राखाडी रंगात बुडवून ताणलं की ती नेमकी बसते. आम्ही ऋतू पावसाळ्यानंतरचा धरला. मेमधला करपलेला घाट रंगवायला सोपा, पण मग धबधबे दाखवता येत नाहीत आणि लोक पहिलं तेच विचारतात. माकडं 7 मिमीची लागतात, मंकी हिल असल्यामुळे ती टाळता येत नाहीत.

जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनचा मोह बऱ्याच जणांना होतो. खंडाळ्याजवळ गाडी थांबून इंजिनाची बाजू बदलून पुढे जायची, तो मार्ग विद्युतीकरणाच्या काळात बंद झाला. लेआउट म्हणून कल्पना उत्तम, पण मग वाफेची इंजिनं, चार चाकी डबे आणि लाकडी स्लीपर, सगळंच वेगळं. डब्ल्यूएजी-7 आणि रिव्हर्सिंग स्टेशन एका लेआउटवर नको.

राहिली यार्डं. कागदावर ती सरळ दिसतात, खरी अडचण इथेच येते. लांब भिंतीचा सरळ भाग 3.58 मीटर. गाडी, इंजिन, दोन बँकर मिळून 2.7 मीटर, तीन लाइनींचे सांधे 80 सेंमी. बाकी काही उरत नाही. आणि बँकर लागतो गाडीच्या मागच्या टोकाला, जे यार्डाच्या बंद बाजूला असतं. तिथे बँकर पोचणार कसा? यार्ड दोन्हीकडून उघडं करावं लागतं. कर्जतच्या मागच्या बाजूचे सांधे शेवटच्या कोपऱ्याखाली घातले. वरची लाइन तिथे 23 सेंमी उंचावर असते, जागा मोकळीच आहे. त्यापुढे आडव्या भिंतीच्या खाली 55 सेंमीची शंटिंग नेक (इंजिन मागे-पुढे करायचा बंद रूळ), दोन बँकर मावतील एवढी. लोणावळ्याला उलट बाजूला, पहिल्या कोपऱ्याच्या वर, 30 सेंमीची नेक, चढून आलेलं इंजिन सोडवून घ्यायला. तिच्याखाली पहिला कोपरा झाकला जातो, म्हणून तिथे बोगदा आहे.

बँकर खाली येतो तो अप लाइनने, मंकी हिलला गाडीसारखाच थांबून. कर्जतला तो शिरतो तेव्हा एक लाइन रिकामी हवी, त्याशिवाय तो गाडीला वळसा घालून नेकमध्ये जाऊ शकत नाही. तीन लाइनींपैकी मधली कायम रिकामी ठेवावी आणि तिच्यावर गाडी उभी करण्याची सोयच काढून टाकावी: त्या लाइनच्या मध्यावर 70 सेंमी रूळ वेगळ्या स्विचवर घेतला आहे आणि तो स्विच फक्त बँकर येताना चालू होतो.